जठर लहान झाल्यावर रुग्णालयातले पहिले दिवस

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. पोटावर मात्र चार-पाच छोटे छेदच दिसतात. मग नर्स काही तासांतच पेशंटला उठवून चालवू लागली की नातेवाइकांचा जीव कळवळतो. पण ते चालणं फार मोलाचं असतं. लठ्ठपणात पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त. त्यातली एखादी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. घट्ट मोजे आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं त्यासाठीच असतात.

अनेकांचा खांदाही दुखतो. दुर्बिणीतून काम करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, चिडतं, आणि श्वासपटलाची व खांद्याची संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोहोचत असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत ते ओसरतं.

भुकेचं काय? ‘घ्रेलिन’ हे भूक चाळवणारं संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग काढलेला असतो. म्हणून पेशंट ‘भूकच नाही’ म्हणतो, ते खरं असतं. त्याला आग्रह करून दोन घास भरवू नका, कृपा करून. गरज असते पाण्याची, तेही औषधाच्या छोट्या कपातून, घोट घोट. घरी गेल्यावर पाणी कमी पडल्यामुळे पुन्हा दाखल व्हावं लागणारे बरेच असतात.

सगळ्यात जपायचं ते उरलेल्या जठराच्या स्टेपलरने शिवलेल्या कडेला. तिथून गळती क्वचितच होते, पण झाली तर गंभीर असते. जाड पोटावर हात ठेवून ती सहजी कळत नाही; ताप, दुखणं मागाहूनही येऊ शकतं. नाडी बहुधा आधी बोलते. विश्रांतीतही ती मिनिटाला १२० च्या वर राहिली, तर डॉक्टर लगेच सावध होतात. ही गळती डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतही होऊ शकते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: घरी निघण्याआधी घरातल्या एकाने तरी नर्सकडून नाडी मोजायला शिकून घ्यावं, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा तो नंबर लिहून घ्यावा.