गळाची मासेमारी (नाशिक परिसर)

काठी, दोरी आणि आमिष लावलेला गळ एवढ्याच साधनांनी, होडी किंवा जाळे न वापरता, काठावर बसून मासा धरण्याच्या पद्धतीला गळाची मासेमारी म्हणतात. कोकणात यासाठी ‘गरवणे’ हे क्रियापद आहे. नाशिक जिल्ह्यात ‘गळ टाकणे’ असे म्हणतात. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बंदरावरच्या सार्वजनिक धक्क्याची जागा येथे धरणांचे फुगवटे, कोल्हापुरी बंधारे, नदीतले डोह आणि अलीकडच्या काळात शेततळी यांनी घेतली आहे. या प्रकाराविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की काठावर जाण्यास कोणी अडवत नसेल, तर त्या पाण्यातला मासाही कोणाचाच नसतो. प्रत्यक्षात पाणी, मासा आणि काठ यांचे धनी बहुधा वेगवेगळे असतात, आणि येथील बहुतेक नियम या वेगळेपणातूनच निघालेले आहेत.

मासा कोणाचा

वाहत्या नदीतला मोकळा मासा धरला जाईपर्यंत कोणाच्याच मालकीचा नसतो, परंतु बंदिस्त तळ्यात सोडून वाढवलेला मासा ही मालमत्ता ठरते आणि तो परवानगीशिवाय नेणे चोरीत मोडू शकते, असा भेद कायद्यात फार पूर्वीपासून मानला गेला आहे. धरणाचा जलाशय या दोन टोकांच्या मधोमध पडतो. त्यातले पाणी व भिंत जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते, तर मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठरावीक मुदतीच्या ठेक्याने, प्रामुख्याने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना दिला जातो. संस्था पदरच्या खर्चाने कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली (बोटभर वाढलेली पिले) जलाशयात सोडते आणि त्या उत्पन्नावर तिच्या सभासदांचे घर चालते. रविवारी शहरातून गाडीने येऊन चार किलोचा कटला घेऊन जाणारा हौशी माणूस स्वतःला निसर्गप्रेमी समजत असला, तरी संस्थेच्या रखवालदाराच्या नजरेत तो दुसऱ्याच्या शेतातले कणीस तोडणारा असतो, आणि ही नजर चुकीची म्हणता येत नाही. म्हणून कोणत्याही धरणावर गळ टाकण्यापूर्वी ते पाणी कोणत्या संस्थेकडे आहे हे जवळच्या गावात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून संस्थेची संमती घेणे हा पहिला नियम होय. काही ठिकाणी दिवसाचे पैसे घेऊन बसू देतात, काही ठिकाणी एखाद्या काठीला कोणी हरकत घेत नाही, तर काही ठिकाणी साफ नकार मिळतो. तिन्ही गोष्टी ठेकेदार संस्थेच्या मर्जीवर असतात.

कायद्याची चौकट दुहेरी आहे. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ हा सुरुंगाची दारू वापरून आणि पाण्यात विष कालवून मासे मारण्यास मनाई करणारा मूळ कायदा आहे. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० अन्वये राज्य शासनाला मासेमारीची साधने, काळ व परवाने यांचे नियमन करता येते. विषाची मनाई केवळ रासायनिक औषधांपुरती आहे असे समजू नये. गेळाच्या फळासारख्या वनस्पती ठेचून डोहात टाकण्याची जुनी रीतही तिच्यातून सुटत नाही. बॅटरी व इन्व्हर्टरने पाण्यात वीज सोडून मासे धरण्याचा अलीकडचा प्रकार तितकाच घातक आहे, त्यात मासे मरतात आणि अधूनमधून माणसेही.

तुलनेसाठी समुद्राकडे पाहता येते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून मुशी, म्हणजे शार्क, धरू पाहणाऱ्याला १ जुलै २०१९ पासून एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून विनामूल्य परवाना घ्यावा लागतो. नैसर्गिक आमिषासाठी वर्तुळाकार गळ वापरणे, दोर किंवा गळ तत्काळ तोडता येईल असे हत्यार जवळ ठेवणे आणि संरक्षित जातीची मुशी लागल्यास तिचे कल्ले पाण्याखालीच ठेवून तिला सोडणे ही तिथली बंधने आहेत. पुळणीवरून मुशींना बोलावण्यासाठी पाण्यात चारा टाकण्यास बंदी आहे. तिथे मासा व धक्का दोन्ही सार्वजनिक असल्यामुळे एका परवान्याने प्रश्न मिटतो. नाशिकचे काही हौशी लोक मुंबई किंवा पालघरच्या किनाऱ्यावर काठ्या घेऊन जातात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, करवत्या माशासारख्या इतर काही जातींनाही त्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि असा जीव चुकून गळाला लागला तरी तो ठेवता येत नाही.

मज्जाव असलेली ठिकाणे

गंगापूर धरण (१९६५) नाशिक शहराची तहान भागवते. काश्यपी, गौतमी-गोदावरी आणि आळंदी ही धरणे मिळून त्याचा समूह होतो. इगतपुरी तालुक्यातील दारणा धरण (१९१६) त्याहून बरेच जुने आहे. या सर्व ठिकाणी भिंत, सांडवा, विमोचक (पाणी सोडण्याचे दार) आणि त्यांच्या लगतचा भाग प्रतिबंधित क्षेत्र असतो व तसे फलक लावलेले असतात. सांडव्याच्या पायथ्याशी, फेसाळ पाण्यात मासे गोळा होतात हे खरे. पण तिथे बसणे बेकायदा आहे आणि जिवावरचेही आहे. पाणी पिण्याचे असल्याने काठावर चारा कुजवणे, माशांची आतडी पाण्यात टाकणे, प्लास्टिक सोडून जाणे या गोष्टी गंगापूरसारख्या ठिकाणी अधिक गंभीर ठरतात. जलाशयात पिंजरे लावून मत्स्यसंवर्धन चालू असेल, तर पिंजऱ्यांच्या दिशेने गळ फेकू नये. दोरांत अडकलेला गळ सोडवायला पोहत जाणारे महाभाग असतात, आणि तो अपघाताचा हमखास मार्ग आहे.

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूरमध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. बंधाऱ्याच्या फुगवट्यात गाळ साचत जाऊन उथळ, पाणवनस्पतींनी भरलेली दलदल तयार झाली. तिच्यात मासे पोसले जातात आणि माशांमागे पक्षी येतात. अभयारण्यातून परवानगीशिवाय वन्यजीव काढून नेण्यास वन्यजीव कायद्यानुसार बंदी असल्यामुळे येथे हौसेने गळ टाकण्याचा प्रश्नच येत नाही. चापडगावच्या बाजूला पक्षी पाहायला जाताना काठी गाडीतच ठेवावी हे बरे. या परिसराच्या संदर्भात ज्या अतिसंकटग्रस्त माशाचा उल्लेख होतो, तो ‘देवळाली मिनो’ हा बोटभर लांबीचा मासा १९३८ साली देवळाली परिसरातून शास्त्रीयदृष्ट्या वर्णिला गेला. गळाला तो सहसा लागणार नाही. पण आमिषासाठी ओढ्यातली बारीक मासळी फडक्याने गाळून घेणाऱ्याच्या डब्यात तो सहज जाऊ शकतो, आणि त्या डब्यात काय आहे हे त्या माणसाला कळण्याची सोय नाही. म्हणून ओढ्यातले लहान मासे आमिष म्हणून न वापरणे उत्तम.

पंचवटीतील रामकुंड व त्यालगतच्या गोदाघाटावर गळ न टाकण्यामागे मुख्यतः श्रद्धा आहे. स्नान, श्राद्ध, अस्थिविसर्जन जिथे चालते तिथे गळ टाकून बसणे लोकांना रुचत नाही, आणि ते कोणी फलक लावून सांगण्याचीही गरज पडत नाही.

शेततळ्यांचा विषय वेगळा आहे. द्राक्षबागांना उन्हाळ्यात पाणी मिळावे म्हणून निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर शेततळी झाली. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनेही त्यांत भर पडली. अनेक शेतकरी त्यांत मासे सोडतात. हे पाणी, मासा व काठ तिन्ही खासगी असल्याने मालकाचा होकार पुरेसा असतो. पण तळाला व उतारांना अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळामुळे इतका निसरडा होतो, की आत घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. जिल्ह्यात अशा तळ्यांत माणसे व मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. काठाला खुंटीने बांधलेला, पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठींचा दोर नसेल त्या शेततळ्यावर बसू नये.

साधने, आमिष आणि मासे

जुनी काठी वेळूची असे आणि तिला रीळ नसे. काठीच्या टोकालाच काठीइतक्या लांबीचा तंगूस, म्हणजे गळाची बारीक चिवट दोरी, बांधलेला असे. तरंडा, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, म्हणून मोरपिसाचा दांडा किंवा ज्वारीच्या ताटाचा तुकडा लावत, वजनासाठी शिशाची गोळी. आता कार्बन फायबरच्या काठ्या व चक्री सर्रास दिसतात. या काठ्यांतून वीज वाहते, हे विकणारा क्वचित सांगतो. जलाशयांच्या काठाने शेतकऱ्यांच्या उपसा मोटारींच्या तारा व केबली गेलेल्या असतात. डोक्यावर तार असेल तिथे काठी उभी करू नये आणि पाण्यात शिरलेली केबल पायाने बाजूला सारू नये. आभाळ गडगडू लागले की काठी आडवी ठेवून काठावरून उठावे.

आमिष ठरते ते माशाच्या चरण्याच्या थरावरून. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे तरंड्यापासून गळापर्यंतचे अंतर बदलले की मासाही बदलतो. या तिघांसाठी कणकेची गोळी, शेंगदाण्याची पेंड, ब्रेड चालते. गोळी फार घट्ट मळली तर मासा चोखून सोडतो, फार सैल असेल तर फेकतानाच सुटते, आणि हा अंदाज सांगून येत नाही. वाम रात्री, दगडांच्या सांदीत, गांडुळावर लागतो. शिंगट्यालाही गांडूळच आवडते, मात्र त्याच्या पाठीवरचा व कल्ल्यांमागचा काटा हातात घुसला तर दिवस वाया जातो, म्हणून त्याला फडक्यात धरावे. मरळ हवेत श्वास घेणारा शिकारी मासा असून हल्ली त्यासाठी रबरी बेडूक पाणवेलींवरून ओढतात. नर-मादी मरळ आपल्या लालसर पिलांच्या थव्यावर पहारा देतात आणि थव्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. अशा वेळी त्यांना गळाला लावणे अतिशय सोपे असते, म्हणूनच ते निंद्य मानावे: पालक गेले की पिलांचा फडशा दुसरे मासे पाडतात.

चिलापी हा मासा मुलांच्या गळालाही सहज लागतो. मूळ आफ्रिकेतील ही जात १९५२ साली भारतात आणली गेली आणि वेगाने पिलावळ वाढवत तिने अनेक जलाशयांत स्थानिक माशांची जागा बळकावली. ती कितीही धरली तरी स्थानिक माशांचे नुकसान नाही.

काळाचा नियम पावसाशी बांधलेला आहे. पहिल्या मोठ्या पावसात अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व भातखाचरांत चढतात. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात ‘चढणीचे मासे’ ही त्या दिवसांतली मोठी पर्वणी असते. आदिवासी पाड्यांवर वर्षातून काही दिवस मिळणारे हे अन्न आणि शहरातल्या हौशी माणसाची करमणूक यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण हौशी माणसाने तरी जून ते ऑगस्ट काठी भिंतीला टेकवून ठेवावी. श्रावण पाळणाऱ्या घरांत त्यातला एक महिना आपोआप सुटतो. हिवाळ्यात, विशेषतः निफाडकडे पारा खूप उतरतो तेव्हा, पाणी गार पडून कटला-रोहू चरणे कमी करतात. फेब्रुवारीपासून पाणी तापू लागते आणि मे अखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, पहाट व संध्याकाळ धरून.

उन्हाळ्यात पाणी हटले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळातली पेरणी, होते. त्या पिकातून तुडवत पाण्यापर्यंत जाण्यावरून काठावर जितकी भांडणे होतात, तितकी माशांवरूनही होत नसावीत. बांधाने वळसा घालावा.

पाण्याकाठची खबरदारी

नाशिकच्या नदीत पाऊस शहरात पडत नसतानाही पाणी वाढते, कारण ते त्र्यंबकच्या डोंगरात पडलेले व गंगापूर धरणातून सोडलेले असते. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, पण जुने नाशिककर तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर मोजतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी ही मोजपट्टी पुरी केली. सोमेश्वरपासून खालच्या पात्रात, खडकांच्या बेटांवर बसून गळ टाकणाऱ्यांनी पाणी सोडल्याचा इशारा देणारा भोंगा ऐकू आला की मासा लागलेला असला तरी दोर कापून काठ गाठावा. पावसाळ्यानंतरही निश्चिंती नसते. शेतीची आवर्तने सुटतात, आणि समन्यायी पाणीवाटपाच्या तरतुदीनुसार गोदावरीवरच्या खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे लागले, तर दारणा व गोदावरीचे पात्र ऐन कोरड्या दिवसांत दुथडी भरते.

ठेवायचा नसलेला मासा ओल्या हाताने धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघून त्याला रोग होतो. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोर तोंडाशी कापावा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकला, तर माशाच्या तोंडातून आणि आपल्या बोटातूनही तो सहज निघतो. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये; बगळे, पाणकावळे यांच्या पायांना त्याची फास बसते. कासव लागल्यास ते धरून ठेवण्यास वन्यजीव कायद्याची मनाई आहे, त्याला लगेच सोडावे. याला एकच उलटा अपवाद आफ्रिकन मांगुराचा. हा मासा स्थानिक मासे फस्त करतो व त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, त्यामुळे तो गळाला लागल्यास पुन्हा पाण्यात सोडू नये आणि ज्या संस्थेचे ते पाणी असेल तिच्या माणसाला तसे कळवावे.