रस्त्याला आडवे जाणारे

नागपूरहून सिवनीकडे निघालं आणि मनसर, देवलापार मागे पडलं की दोन्ही अंगांना पेंचचं जंगल लागतं. रस्ता चौपदरी, गुळगुळीत. मध्येच तो जमीन सोडून खांबांवर चढतो. गाडीतल्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही; झाडांचे शेंडे अचानक डोळ्यांच्या पातळीला आले, एवढंच. त्याच वेळी चाकांखालून चितळांचा कळप चाललेला असू शकतो. किंवा वाघ.

राष्ट्रीय महामार्ग ४४च्या महाराष्ट्रातल्या सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात प्राण्यांसाठी अशा नऊ वाटा ठेवल्या आहेत: पाच अंडरपास आणि चार लहान पूल. सगळ्यात लांब अंडरपास ७५० मीटरचा आहे; ही लांबी रस्त्याच्या दिशेने, म्हणजे प्राण्याच्या दृष्टीने वाटेची रुंदी. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९मध्ये इथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा दिसला. पट्ट्यांवरून ओळख पटवली, तेव्हा हे ११ वेगवेगळे वाघ निघाले. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखेच, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत.

रस्ता आणि जंगल म्हटलं की आपल्याला गाडीखाली चिरडलेलं जनावर आठवतं. ते दिसतं म्हणून मोजलं जातं. पण रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन, दिव्यांचा झोत आणि ट्रकचा आवाज झेपला नाही म्हणून परत फिरलेलं जनावर कोण मोजणार? पेंच आणि नवेगाव-नागझिरा यांना जोडणारा जंगलाचा पट्टा हा रस्ता आडवा कापतो. वयात आलेला नर वाघ आईचा मुलूख सोडून नवा शोधायला निघतो, तो अशाच पट्ट्यांतून. ती वाट कायमची बंद झाली, तर दोन्हीकडचे वाघ आपापल्या बेटावर अडकतात आणि काही पिढ्यांनी जवळच्याच नात्यात प्रजनन सुरू होतं.

मग खाली एखादी मोरी ठेवली की काम झालं? वाट आतून किती मोकळी वाटेल, याचं एक सोपं गणित आहे; उत्तर जितकं मोठं, तितकी वाट मोकळी. वाटेची रुंदी गुणिले उंची, भागिले आत चालायचं अंतर. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि रस्त्याखालून चाळीस मीटर लांब मोरी घेतली, तर उत्तर येतं ०.१. शंभर मीटर रुंद, पाच मीटर उंच आणि तीस मीटर लांब अंडरपास घेतला, तर जवळपास १७. पहिल्या वाटेच्या तोंडाशी उभ्या चितळाला दिसतो अंधारा बोगदा, दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी पलीकडचं गवत. साळिंदराला मोरी चालते, बिबट्याही कधी घुसतो. कळपाने राहणारं, लांबवर नजर ठेवून जगणारं जनावर मात्र अशा भोकात शिरत नाही. पैसे वाचवायला अंडरपास अरुंद केला, तर त्यावर घातलेले पैसेही वायाच जातात.

पाण्याचंही असंच आहे. काळ्या सपाट रानात मोठ्या पावसाचं पाणी नुसतं नाल्यातून वाहत नाही, ते चादरीसारखं पसरून सरकतं. त्याला दीड-दोन मीटरचा भराव आडवा घातला की रस्ता हा नकळत बांध होतो. वरच्या अंगाचं शेत चिबडतं, तूर उभ्या उभ्या पिवळी पडते. खालच्या अंगाला तेच पाणी एका मोरीतून जोराने सुटतं आणि मातीत घळ पाडतं. नकाशावर नाले असतात, बारक्या ओघळी नसतात. त्या शेतकऱ्याला पाठ असतात. मोजणी उन्हाळ्यात, कोरड्या रानात होते. जुलैतल्या एखाद्या जोरदार पावसानंतर तीच आखणी पायी तुडवली असती, तर मोऱ्यांच्या जागा बदलल्या असत्या, असं मला अनेक ठिकाणी वाटलं आहे.

भरावाला मुरूम लागतो, आणि तो कुठून तरी खणावाच लागतो. ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून गाजलेली युक्ती विदर्भातलीच: वाटेल तिथे खड्डे पाडण्यापेक्षा तलाव, नाले, शेततळी खोल करायची आणि निघालेली माती-मुरूम महामार्गाला वापरायचा. कल्पना फर्मास आहे. फक्त तळं पाणी येतं तिथे खणलं पाहिजे, कंत्राटदाराला जवळ पडतं तिथे नव्हे.

माणसांच्या बाबतीत कायद्यातच एक फट आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणलं, पण राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन घेतली जाते ती १९५६च्या वेगळ्या कायद्याने. २०१५पासून मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तिथेही लागू झाल्या; मूल्यांकनाची मात्र झाली नाही. म्हणजे गेलेल्या एकराचे पैसे मिळतात. पण गोठा अलीकडे आणि चार एकर पलीकडे झाल्यावर रोजचा जो फेरा पडतो, तो आधी मोजून ठेवणं कुणावर बंधनकारक नाही. पर्यावरण मंजुरीचीही तीच तऱ्हा. असलेल्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जागा लागत असेल, तरच ती लागते. त्याच्या आतल्या टप्प्याला जनसुनावणीही नाही.

गावासाठी अंडरपास असतोच, नाही असं नाही. बंडी निघते, पण सोयाबीन काढायचं हार्वेस्टर वर टेकतं, मग ते लांबच्या चौकातून वळवून आणायचं. शिवाय अंडरपासचा तळ आजूबाजूच्या रानापेक्षा खोल असतो. शेजारची मोरी गाळाने बुजली की पावसाळ्यात सगळं पाणी तिथेच येऊन बसतं. गुडघाभर गढूळ पाण्यात गाय पाय घालत नाही; खाली काय आहे ते तिला दिसत नाही. गुराखी थोडा वेळ हुसकून बघतो. मग काठी काखेत मारून कळप वर भरावावर चढवतो, दुभाजकाचा दगड कुणीतरी आधीच हलवून ठेवलेला असतो तिथे उभा राहतो, आणि दोन्ही बाजूंच्या ट्रकांचा अंदाज घेत एकेक जनावर पलीकडे काढू लागतो.