'औषधं घेतच नाही, मग पार्ट डी कशाला?'

अमेरिकेत पासष्टी गाठलेल्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: रोजची गोळी सुरू नसेल तर मेडिकेअरचा (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) पार्ट डी, म्हणजे औषधांचा विमा, गरज पडेल तेव्हा घेऊ. हे साफ चूक आहे, आणि ज्येष्ठांना ते महागात पडतं.

पासष्टीच्या सुमारास मिळणाऱ्या पहिल्या मुदतीत नोंदणी केली नाही आणि त्यानंतर सलग 63 दिवस किंवा जास्त काळ तोडीस तोड दुसरं कव्हरेजही नसेल, तर दंड लागतो. प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय मूळ प्रीमियमच्या 1 टक्का. 2025 मध्ये तो प्रीमियम दरमहा 36.78 डॉलर होता. म्हणजे 20 महिने उशीर झालेल्याला दरमहा साधारण 7.40 डॉलर जादा. एकदा भरून सुटका नाही, बहुतेकांना तो जन्मभर भरावा लागतो.

शिवाय गरज पडली की लगेच योजना मिळेलच असं नाही. एरवी नाव नोंदवता येतं ते 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबरमध्ये, आणि कव्हरेज सुरू होतं 1 जानेवारीला. मार्चमध्ये डॉक्टरांनी महागडं औषध लिहून दिलं, तर जानेवारीपर्यंतचा खर्च खिशातून.

नोकरीचं कव्हरेज असेल तर थांबता येतं. मात्र ते 'क्रेडिटेबल', म्हणजे पार्ट डीच्या तोडीचं, असल्याचं पत्र जपून ठेवा. उत्पन्न कमी असेल तर 'एक्स्ट्रा हेल्प', म्हणजे औषधांच्या खर्चासाठीची सरकारी मदत, मिळवायला अर्ज जरूर करा. ती मंजूर झाली की हा दंड लागत नाही.