विकिपीडियाच्या सल्लागार समित्या: सल्ल्यापासून सहीपर्यंत

विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन २००३ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात नोंदवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी विश्वस्त मंडळाच्या दोन जागांसाठी निवडणूक झाली. अंतिम निर्णय विश्वस्तांचा की स्वयंसेवकांचा, या आजच्या वादाचं मूळ मात्र डिसेंबर २००६ मध्ये फाउंडेशनच्या नियमावलीत झालेल्या दुरुस्तीत आहे. या दुरुस्तीने फाउंडेशनला सभासदच उरले नाहीत. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीत सभासद वार्षिक सभेत उभा राहून हिशेब अडवू शकतो. इथे लाखो लेख लिहिणाऱ्या स्वयंसेवकांकडे तसा कायदेशीर हक्क राहिला नाही. मंडळाच्या काही जागांसाठी मत देता येतं, पण मंडळाचा ठराव फिरवता येत नाही.

लगेच जानेवारी २००७ मध्ये पहिलं सल्लागार मंडळ आलं. कायदा, तंत्रज्ञान, संस्था-बांधणी अशा क्षेत्रांतली जाणती माणसं त्यात घेतली होती. त्यांनी काय करायचं, हे मात्र मोघमच राहिलं. कोणता मसुदा त्यांच्याकडे जायलाच हवा, किती दिवसांत मत द्यायचं, आणि मत डावललं तर कारण कोणी द्यायचं, यातलं काहीच बांधलेलं नव्हतं. अशी मंडळं भांडणाने मोडत नाहीत. कोणी काही विचारतच नाही, आणि ती विझून जातात.

२०१२ ची निधी वाटप समिती वेगळी ठरली ती वेळापत्रकामुळे. पहिल्या फेरीत विकिपीडियाशी जोडलेल्या देशोदेशीच्या संस्थांनी १ ऑक्टोबरपर्यंत निधीसाठी अर्ज द्यायचे, महिनाभर कोणीही त्यावर जाहीर प्रश्न विचारायचे, १५ नोव्हेंबरला समितीने आकड्यांसह शिफारस करायची आणि १५ डिसेंबरपर्यंत विश्वस्त मंडळाने निर्णय द्यायचा, असा क्रम होता. एखाद्या संस्थेशी संबंध असलेला सदस्य तिच्या अर्जाच्या चर्चेतून बाहेर राही. मागच्या वर्षापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढ साधारणपणे मिळत नसे. अंतिम सही मंडळाचीच. पण शिफारस लेखी आणि जाहीर असल्यामुळे ती गुपचूप बाजूला सारणं अवघड झालं. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेला मराठी, कोंकणी आणि इतर भारतीय भाषांतल्या कामासाठी पैसा मिळाला तो याच वाटेने.

त्रुटीही होत्या. लहान संस्थेला पगारी कर्मचाऱ्याशिवाय एवढी कागदपत्रं झेपत नसत. नकार मिळाला की पुढच्या फेरीपर्यंत कार्यालय चालवायचं कसं, हा प्रश्न उरायचा. तरी या समितीने एक काम केलं, जे आधीच्या सल्लागार मंडळाला जमलं नव्हतं: नोव्हेंबर २०१५ मध्ये तिने खुद्द फाउंडेशनचं वार्षिक नियोजन बंद दाराआड चालतं, अशी अत्यंत कडक शब्दांत जाहीर टीका केली. २०१६ मध्ये फाउंडेशनने आपला वार्षिक आराखडा तिच्यापुढे ठेवला.

मग आला सनदेचा विषय, म्हणजे कोणाचे अधिकार काय हे ठरवणाऱ्या लेखी दस्तऐवजाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये १५ जणांची मसुदा समिती बसली. सनदेचा गाभा होता एक जागतिक परिषद: सुरुवातीला २५ सदस्य, पुढे १०० पर्यंत, आणि काही बाबतींत नुसता सल्ला न देता निर्णय घेणारी. मतदान २५ जून ते ९ जुलै २०२४ असं झालं. मंजुरीसाठी तीन वेगळे होकार लागणार होते: स्वयंसेवकांचा, संलग्न संस्थांचा आणि विश्वस्त मंडळाचा. पहिल्या दोघांसाठी ५५ टक्क्यांची अट होती. दोघांनीही ७० टक्क्यांहून जास्त कौल दिला. मंडळाने नकार दिला, आणि सनद तिथेच पडली.

मंडळाची बाजू पोकळ नव्हती. पैशाची आणि कायद्याची जबाबदारी विश्वस्तांवर असते; ती दुसऱ्या समितीच्या गळ्यात बांधून मोकळं होता येत नाही. परिषदेचा खर्च किती आणि अधिकाराची हद्द कुठवर, हे मसुद्यात धूसरच होतं. पण नकार द्यावा ही शिफारस मतदान संपण्याआधीच जाहीर झाली होती. तिसरा होकार मिळणार नाही हे दिसत असताना लोकांना रांगेत उभं करायचं, यात प्रक्रियेचा मान कमी आणि मंडळाची सोय जास्त होती. शिवाय मसुदा तयार होत असताना मंडळाने नेमलेले प्रतिनिधी मसुदा समितीच्या संपर्कात होते. हरकतींवर घासाघीस करायची जागा तीच होती.

दरम्यान निधी वाटप समिती २०२० च्या सुमारास मागे पडली आणि अनुदानाचं काम स्वयंसेवकांच्या प्रादेशिक समित्यांकडे गेलं. मराठी गटांचे अर्ज आता दक्षिण आशियाच्या समितीपुढे येतात. सनद फेटाळल्यावर मंडळाने निधीसाठी जागतिक समिती, आणि तंत्रज्ञानासाठी एका वर्षाच्या प्रायोगिक मुदतीची सल्लागार परिषद पुढे केली. या दुसऱ्या परिषदेचा सल्लाही बंधनकारक नव्हता.