भूत वेगळं, पुनर्जन्म वेगळा: गल्लत होणाऱ्या दोन थाई मालिका

"ती थाई बीएल (म्हणजे 'बॉइज लव्ह', दोन मुलांच्या प्रेमाची मालिका) पाहिलीस का गं, ज्यात पोरगा भुताच्या प्रेमात पडतो आणि मग दोघांना मागचा जन्म आठवतो?" हे मी मैत्रिणींकडून अनेकदा ऐकलंय. विचारणारीच्या मनात एकच मालिका असते, पण तिच्या बोलण्यात दोन मालिका एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक 'ही इज कमिंग टू मी', दुसरी 'अंटिल वी मीट अगेन'. दोन्ही 2019 साली लाइन टीव्ही या स्ट्रीमिंग सेवेवर सुरू झाल्या. दोन्हींत विशीत मरण पावलेला मुलगा आहे आणि दोन्हींत कॉलेज आहे. त्यात भर म्हणजे दोन्हींत एकेका नायकाचं काम करणाऱ्या नटाचं टोपणनाव ओम: इकडे ओम पवात, तिकडे ओम थितिवात. गोंधळ होणारच.

पण मला दोन्ही फार प्रिय आहेत, आणि एकीचं श्रेय दुसरीला गेलं की जीव कासावीस होतो. म्हणून नीट सांगते.

आधी भुताची. मार्च-एप्रिल 2019, आठ भाग, दिग्दर्शक नॉपनाच चैविमोन, ज्याला सगळे 'ऑफ' म्हणतात. पुढे 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स' आणि 'बॅड बडी' त्यानेच केल्या. इंग्रजी नावात मूळ नावाची गंमत उरलेली नाही. थाई नावाचा अर्थ साधारण असा: 'तो माझ्या थडग्याशेजारी चेंगमेंग करायला आला'. शिवाय शेवटी 'ख्राप' आहे, थाई पुरुष आदरानं बोलताना वाक्याला जोडतात तो शब्द. म्हणजे नावापासूनच मेलेला मुलगा बोलतोय, आणि अदबीनं बोलतोय.

चेंगमेंग कळलं नाही तर ही मालिका अर्धीच कळते. थायलंडमध्ये बौद्ध माणसाला सहसा अग्नी देतात. मातीत पुरण्याची आणि दरवर्षी थडग्यावर जायची रीत चिनी वंशाच्या कुटुंबांची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास ही कुटुंबं चोनबुरीसारख्या भागांतल्या चिनी स्मशानांत जातात, थडगी झाडून पुसून स्वच्छ करतात, जेवण मांडतात, उदबत्त्या लावतात, पितरांसाठी खोट्या कागदी नोटा जाळतात. हेच चेंगमेंग. आता मेतचा, म्हणजे या मालिकेतल्या मेलेल्या मुलाचा, विचार करा. आजूबाजूच्या प्रत्येक थडग्याशी घरचं माणूस येतं, याच्याकडे कुणी फिरकत नाही. शेजारच्या थडग्याला आलेला लहानगा थुन मात्र त्याला बघू शकतो. सर्वपित्रीला ज्याच्या नावानं पान वाढायला कुणीच उरलं नाही, अशा पितराची ही कथा आहे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

थुन मोठा होतो, शिकायला बँकॉकला जातो, मेत त्याच्याबरोबर जातो आणि आपण मेलो कसे याचा शोध सुरू होतो. भुताच्या प्रेमकथेतली खरी अडचण इथे दिसते. एकजण वाढतोय, दुसरा त्याच वयावर थांबलाय. मेत तोच आहे, त्याच नावाचा, त्याच आठवणींचा. प्रश्न फक्त एवढाच, की तो किती दिवस राहील.

'अंटिल वी मीट अगेन'मध्ये भूत नाही. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांची चूक नेमकी इथेच होते. नोव्हेंबर 2019 पासून 17 भाग, दिग्दर्शक न्यू सिवाज, मूळ थाई कादंबरीचं नाव 'लाल धागा'. कोर्न आणि इन ही मागच्या पिढीतली दोन मुलं, घरच्यांच्या विरोधापुढे दोघंही जीव देतात. पुढे फाम आणि डीन कॉलेजात भेटतात. डीन पोहण्याच्या क्लबचा प्रमुख, फाम थाई गोड पदार्थ मन लावून बनवणारा, मोठ्या आवाजानं दचकणारा. कोर्न आणि इन आता कुठेही नाहीत, त्यांचं काहीतरी या दोघांत उतरलंय.

त्यामुळे इथला प्रश्न पार वेगळा आहे आणि मला तो जास्त बोचतो. मी याच्यावर प्रेम करतोय ते माझं, की दुसऱ्या कुणाचं राहून गेलेलं? भुतावर प्रेम करणाऱ्याला हा संशय कधीच पडत नाही. समोर कोण आहे हे थुनला पक्कं माहीत असतं. फामला स्वतःविषयीच ते माहीत नसतं.

थाई भाषेत हा फरक शब्दांतच आहे, आणि ते शब्द आपल्याला परके नाहीत. भूत म्हणजे 'फी', पण आत्म्याला 'विन्यान' म्हणतात. तोच पालीतला विञ्ञाण, संस्कृतातला विज्ञान, 'जाणीव' या अर्थाचा. 'चात' म्हणजे जाती, मूळ अर्थानं जन्म: मागचा चात, पुढचा चात. मेतची गोष्ट विन्यानची, फामची गोष्ट चातची. दोन्हींना जोडणारी रीत म्हणजे 'थाम बुन', पुण्य करणं. भिक्खूंना दान देऊन, पाणी सोडून ते पुण्य गेलेल्याच्या नावे करायचं. आपण उदक सोडतो तसंच. 'सात थाई' हा पितरांचा दिवसही आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या सुमारासच येतो, आणि त्याचं नाव 'शारद' शब्दावरून आलंय.

भुतावरचं प्रेम थाई प्रेक्षकाला नवं नाही. बँकॉकच्या वाट महाबुतमध्ये मे नाकचं देऊळ आहे. बाळंतपणात गेलेली, तरी युद्धावरून परतणाऱ्या नवऱ्याची वाट बघणारी बायको. तिच्या गोष्टीत भुताची भीती वाटते. मेतची मात्र वाटत नाही, उलट त्याला कुणी जेवू घातलंय का याचीच काळजी लागून राहते. ऑफचं सगळ्यात मोठं यश मला यात दिसतं.

आधी कुठली बघावी? मी भुताची सांगेन. लहान आहे, मऊ आहे, आणि तिच्यातलं दुःख हळूहळू उलगडतं. दुसरीसाठी वेळ काढावा लागतो, अधूनमधून ती रेंगाळतेही, पण दोन कुटुंबांनी इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बोलणं अखेर बाहेर येतं तेव्हा ती माझ्यासाठी पहिलीच्या पुढे जाते. फक्त कोर्न आणि इनचं मरण अगदी सुरुवातीलाच, थेट दाखवलंय. ज्यांना तसं दृश्य सोसत नाही त्यांनी पहिल्या भागाची सुरुवातीची मिनिटं वगळावीत. त्यांचं काय झालं ते पुढे फामच्या स्वप्नांतून कळतंच.