खान्देशच्या उन्हात कोंबडी टिकली कशी, त्याची मागची गोष्ट

मे महिना लागला की आमच्याकडे दरवर्षी तोच प्रश्न, भाऊ कोंबड्या मरताहेत, पाण्यात काय टाकू? उत्तरं पण ठरलेली, गूळपाणी द्या, लिंबू पिळा, इलेक्ट्रोलाइट आणा. द्या ना, चुकीचं काहीच नाही. पण जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जाणं आजचं थोडंच आहे, आपल्या आज्या ह्याच उन्हात दारात दहा-पंधरा कोंबड्या फिरवायच्या आणि त्यांच्याकडं पाण्यात टाकायला काहीच नव्हतं, मग त्यांचं कसं भागायचं?

मुळात कोंबडी हा उन्हाचा पक्षी नाहीच. ती लाल रानकोंबड्याची पोर, बांबूत आणि दाट झुडपात पालापाचोळा उकरत फिरणारी. आधी सगळे सांगायचे की ती सिंधू खोऱ्यात माणसाळली, पण २०२० मध्ये शेकडो कोंबड्यांची जनुकं तपासली तेव्हा धागा निघाला तो नैऋत्य चीन, म्यानमार, उत्तर थायलंडकडं. थायलंडात बान नॉन वाट नावाच्या जागी साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची पाळीव कोंबडीची हाडं सापडलीत, भाताची शेती आली आणि दाण्याच्या आशेनं पक्षी माणसाजवळ आला असा अंदाज आहे. आपला पण वाटा आहे बरं का त्यात. सातपुड्यात सापडतो तो राखी रानकोंबडा, त्या जातीकडून पाळीव कोंबडीत पिवळ्या कातडीचा गुण आला हे २००८ मध्ये कळलं. बाजारात पिवळे पाय बघून कोंबडी निवडणाऱ्याला हे माहीत नसतं, पण हात बरोबर तिथंच जातो.

तर सावलीतला पक्षी. त्याला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगाचं तापमान आधीच ४१ च्या आसपास, म्हणजे बाहेर ४५ झालं की हवा कोंबडीपेक्षा गरम. मग ती पंख अंगापासून लांब धरते, रक्त तुऱ्याकडं आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीकडं जातं, चोच उघडी ठेवून धापा टाकते, आणि त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा चुना नीट बनत नाही. उन्हाळ्यात अंडं हातात घेतल्या घेतल्या पिचतं ते ह्यामुळं, दरवेळी खाण्यात शिंपल्यांचा चुरा कमी पडला म्हणून नाही.

आता आमच्या आजीचं घर डोळ्यासमोर आणा. धाब्याचं घर, सागाच्या सऱ्या, वर वीतभर पांढऱ्या मातीचा थर, भिंती हातभर जाड. खुराडं ओसरीतल्या भिंतीतच, खाली कोनाड्यासारखं. दारात निंब. निंबाखाली न्हाणी, तिचं पाणी एका कोपऱ्यात मुरायचं, तिथं अळू आणि एक केळ. दुपारी बारा ते चार कोंबड्या शोधायच्याच नाहीत, सगळ्या त्या ओल्या मातीत पोट टेकून खड्डा करून बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. दाणे पहाटे आणि मग दिवेलागणीलाच, दुपारी मूठभर बाजरी टाकली तरी आजी ओरडायची. का ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि भर दुपारी तीच जिवावर येते, हे आज पुस्तकात पण लिहिलेलं असतं. आणि पाणी. "आधी कोंबडीस्ले पानी ठेव, मंग चहा पी" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की अजून चहा घेताना टोचतं.

थोडक्यात, जंगल गेलं तरी जंगलाची सावली आणि ओल तिला घरातच मिळत होती. बाकीचं काम निवडीनं केलं. भरपूर अंगाची, दाट पिसांची कोंबडी इथं टिकायचीच नाही, उरल्या त्या हलक्या, लांब पायांच्या, चपळ. त्यात काही उघड्या मानेच्या निघतात, पोरं त्यांना गिधाड म्हणून चिडवतात, पण तो गुण आईबापापैकी एकाकडून आला तर साधारण २० टक्के आणि दोघांकडून आला तर ४० टक्क्यांपर्यंत पिसं कमी, म्हणजे उन्हात सरळ फायदा. पलीकडं झाबुआ-अलीराजपूरला भिल्ल-भिलाल्यांनी काळ्या मांसाचा कडकनाथ जपला, २०१८ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि मग त्याचे भाव कुठल्या कुठं गेले ते सगळ्यांनी बघितलंच.

आजीच्या कोंबड्या मरायच्या त्या मानमोडीनं. म्हणजे रानीखेत, १९२७ च्या सुमारास कुमाऊंतल्या रानीखेतला सापडला म्हणून ते नाव. मान वाकडी, हिरवी हगवण, आणि आठवड्यात सगळं गल्लीतलं खुराडं रिकामं. (१९१८ च्या माणसांच्या साथीला पण आपल्याकडं मानमोडीच म्हणायचे.) लस आली, पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची, दोन महिन्यांच्या आसपास आरटूबी नावाची, पण ती थंड ठेवावी लागते आणि आमच्या गावात लाइट दुपारीच जायची.

मग कोंबडी बदलली. ब्रॉयलर आला, बेंगळुरूची गिरिराज आली, हैदराबादची वनराज आली. अंडी जास्त, वजन जास्त, रंगीत असल्यानं गावरान म्हणून खपते पण. मला ह्या जातींचा राग नाही, बाईमाणसाच्या हातात चार पैसे त्यांनीच दिले. पण जड कोंबडीला ऊन जास्त लागतं, आणि नेमकं त्याच काळात धाबं जाऊन वर पत्रा आला, न्हाणीची बाथरूम झाली आणि पाणी पाइपातून गटारीत गेलं, निंब रस्ता रुंद करताना गेला. कोंबडी जड केली आणि तिची सावली काढून घेतली, दोन्ही एकदम.

त्यात भर नवापूरची. फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात निघाला. तिथं अंड्याच्या कोंबड्यांचे मोठमोठे फार्म, गुजरातची हद्द लागूनच. भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला आणि लाखो पक्षी मारले, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत पण निघाला. त्या टापूत फार्म आणि दारातली कोंबडी असा भेद नव्हता, दोन कोंबड्या असलेल्या बाईच्या पण दोन्ही गेल्या. त्या वर्षी रिकामी झालेली खुराडी कितीतरी घरांत परत भरलीच नाहीत, त्यात सरपण ठेवायला लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला परत तेच झालं.

आता पुन्हा लोक पाळायला लागलेत, पत्र्याचं तयार खुराडं विकत आणून. माझ्या शेजाऱ्यानं पण आणलंय, त्यावर ओलं बारदान टाकतो, आत छोटा पंखा लावलाय. कोंबड्या दुपारी त्यात थांबत नाहीत. कूलरच्या मागं जिथं पाणी गळतं तिथली फरशी उखडलीये, त्या वीतभर चिखलात तिघी पोट टेकून बसलेल्या असतात.