जपानी ताट आणि दीर्घायुष्य

‘जपानी लोक भात-मासे खातात, म्हणूनच ते पूर्वापार निरोगी आणि दीर्घायुषी’ हा संदेश बरीच वर्षं फिरतो आहे.

त्यातलं अर्धं खरं आहे. हृदयविकाराने होणारे मृत्यू जपानमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा खूपच कमी. पण याच देशात 1951 ते 1980 या काळात मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं. मोठा दोष मिठाचा. मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट), खारवलेले मासे, मुरवलेल्या भाज्या. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात तर माणशी दिवसाला 20 ग्रॅमहून जास्त मीठ पोटात जायचं. पुढे मीठ कमी झालं, रक्तदाबावर उपचार होऊ लागले आणि हे मृत्यू घटले. त्याच काळात ताटात दूध आणि मांसही वाढलं, हे मात्र संदेशात कधी नसतं.

मग सगळं रक्तातच आहे म्हणावं, तर तसंही नाही. हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपान्यांमध्ये हृदयविकार मायदेशापेक्षा जास्त आढळला.

पडताळायचं असेल तर मृतांचा नुसता आकडा पाहू नका, जपानमध्ये वृद्धच जास्त आहेत. वयानुसार जुळवलेला मृत्युदर पाहा आणि तोही हृदयविकार, पक्षाघात, जठराचा कर्करोग असा वेगवेगळा.